दस्तऐवज व साचा, शब्दसंस्करणातील

दस्तऐवज व साचा, शब्दसंस्करणातील : संगणकावरील शब्दसंस्करण आज्ञावलीत नवा दस्तऐवज ज्या तयार नमुन्यावरून सुरू केला जातो, त्यास साचा (टेम्प्लेट) असे म्हणतात. कागदाचा आकार, समास, शीर्षपट्टी व तळपट्टी, सर्व दस्तऐवजांत सारखाच असणारा मजकूर आणि मथळा, परिच्छेद, तक्ता इत्यादींच्या मांडणीचे नाव देऊन ठेवलेले नियम म्हणजेच शैली, हे सर्व साच्यात आधीच ठरविलेले असते. साच्यावरून दस्तऐवज निर्माण झाल्यानंतर त्या दोहोंत कोणता संबंध उरतो, हा या नोंदीचा विषय आहे. स्थूलमानाने असे सांगता येईल की, साच्यातील बहुतेक गोष्टींची दस्तऐवजात एकदाच नक्कल होते व तेथून पुढे त्या दस्तऐवजाच्या स्वतःच्या होतात. थोड्या गोष्टी मात्र साच्यातच राहतात व दस्तऐवज त्या तेथून वापरीत असतो. साचा सुधारला म्हणजे त्यावरून पूर्वी निघालेले कागदही सुधारले, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. या समजुतीचे परिणाम जेथे सर्वांत स्पष्ट दिसतात, त्या चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील वनहक्कविषयक कागदपत्रांची उदाहरणे पुढे विस्ताराने घेतली आहेत.

मराठीत साचा म्हटले की विटांचा किंवा मूर्तिकाराचा साचा डोळ्यांपुढे येतो. साच्यातून निघालेल्या विटेचा साच्याशी काही संबंध उरत नाही. साचा मोडला तरी वीट तशीच राहते. शब्दसंस्करणातील साच्याला हे वर्णन अर्धेच लागू पडते. दस्तऐवज आपल्या साच्याचे नाव व ठिकाण स्वतःजवळ नोंदवून ठेवतो. ही नोंद वाचकाला पानावर कोठेही दिसत नाही, परंतु दस्तऐवज उघडताना आज्ञावली तिचा शोध घेते. अशा साच्यास त्या दस्तऐवजाला ‘जोडलेला साचा’ म्हणतात.

कागदी पूर्वपीठिका : संगणक येण्यापूर्वीही कचेऱ्यांचे काम साच्यांवरच चाले. त्यांना ‘विहित नमुना’ असे म्हणत व आजही म्हणतात. महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात क्रमांक १ ते २१ असे गाव नमुने आहेत. त्यांपैकी गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेखाचा आणि गाव नमुना १२ हा पिकांच्या नोंदींचा. या दोहोंच्या एकत्रित उताऱ्याला लोकांनी ‘सातबारा’ हे नाव दिले. शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असा हा कागद केवळ आपल्या साच्यांच्या क्रमांकांनी ओळखला जातो. साच्याचे नाव दस्तऐवजाला इतके पूर्णपणे चिकटल्याचे दुसरे उदाहरण मराठीत सापडणे कठीण आहे.

विदर्भातील साचे मात्र निराळे होते. हा प्रदेश पूर्वी मध्य प्रांतात मोडत असल्याने तेथील अभिलेखांची घडण वेगळी होती. गावकऱ्यांना बिनभोगवट्याच्या जमिनीतून चराई, सरपण, इमारती लाकूड इ. कसे घेता येईल हे नोंदणारे निस्तारपत्रक आणि गावातील रूढ हक्कांची नोंद करणारे वाजिब-उल-अर्ज हे त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये राज्यातील अभिलेखांत एकरूपता आणली गेली, तरी निस्तारविषयक तरतुदी विदर्भापुरत्या कायम ठेवण्यात आल्या. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. नव्या कागदांच्या शीर्षपट्टीवर नव्या जिल्ह्याचे नाव आले. धानोरा, एटापल्ली, सिरोंचा येथील जुन्या कागदांवर मात्र चंद्रपूर किंवा त्याही पूर्वीचे चांदा हेच नाव राहिले. तसे राहणेच योग्य होते, कारण दस्तऐवज ज्या दिवशी झाला त्या दिवसाच्या साच्याची साक्ष तो देत असतो. शब्दसंस्करणाच्या बाबतीत ही साधी गोष्ट वारंवार विसरली जाते.

शब्दसंस्करणातील साच्याचा उगम : मजकूर व त्याची मांडणी यांचा वेगळा विचार करण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात रूढ होऊ लागली. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये ‘ब्रावो’ ही आज्ञावली तयार केली. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीत गेले व तेथे १९८३ मध्ये ‘वर्ड’ ही आज्ञावली बाजारात आली. डॉस प्रणालीवर चालणाऱ्या या वर्डमध्ये शैलींची यादी दस्तऐवजाबाहेर, एका वेगळ्या फाइलीत असे. ती फाइल बदलली की तिला जोडलेले सर्व दस्तऐवज नव्या रूपात दिसत. विंडोजसाठी १९८९ मध्ये तयार झालेल्या वर्डमध्ये ही रचना बदलली. शैली साच्यातून दस्तऐवजात उतरविल्या जाऊ लागल्या व प्रत्येक दस्तऐवज आपल्या शैली स्वतःबरोबर वागवू लागला. दस्तऐवज दुसऱ्या संगणकावर नेला, साचा मागे राहिला, तरी त्याचे रूप टिकावे हा यातील मोठा लाभ. आणि साच्यातील सुधारणा आपोआप पोहोचत नाही ही त्याची किंमत. आजच्या संबंधाची सारी गुंतागुंत या एका फेरबदलातून आलेली आहे.

काय उतरते व काय उतरत नाही : नवा दस्तऐवज सुरू करताना साच्यातील मजकूर, समास, शीर्षपट्टी, तळपट्टी, चित्रे आणि शैली यांची नक्कल होते. ही नक्कल एकदाच होते. त्यानंतर साच्यातील ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ ही शीर्षपट्टी बदलली, समास वाढविले किंवा मजकुरात एक अट घातली, तरी पूर्वी निघालेल्या दस्तऐवजांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. उलट दिशेनेही तसेच. दस्तऐवजात केलेला बदल साच्याकडे जात नाही. शैलीतील बदल यापुढील नव्या दस्तऐवजांसाठीही ठेवावा असे वापरणाऱ्याने मुद्दाम सांगितले, तरच तो साच्यात नोंदला जातो.

साच्यातच राहणाऱ्या गोष्टी तीन-चार आहेत : मॅक्रो म्हणजे पुनःपुन्हा करावयाच्या कृतींच्या साठविलेल्या आज्ञा, नाव टंकताच पूर्ण उमटणारा साठविलेला मजकूर, कळफलकावरील विशेष जोड्या आणि साधनपट्ट्यांची रचना. यांच्यासाठी दस्तऐवज साच्यावर अवलंबून असतो. साचा सापडला नाही तर या सोयी बंद पडतात, पण मजकूर व त्याचे रूप शाबूत राहते. साचा एखाद्या जाळ्यावरील संगणकावर ठेवलेला असेल व तो संगणक काढून टाकला असेल, तर दस्तऐवज उघडण्यास पुष्कळ वेळ लागतो, कारण आज्ञावली तो जुना पत्ता शोधत राहते. कारण न कळल्याने अशा वेळी संगणकालाच दोष दिला जातो.

शैलींचे स्थान या दोन गटांच्या मध्ये आहे. त्यांची नक्कल दस्तऐवजात झालेली असते. परंतु ‘दस्तऐवजातील शैली आपोआप अद्ययावत कराव्यात’ असा एक पर्याय वर्डमध्ये असून तो निवडलेला असल्यास दस्तऐवज दर वेळी उघडताना साच्यातील शैली पुन्हा उतरविल्या जातात. हे कसे घडते ते बारकाईने पाहणे आवश्यक आहे. एकाच नावाची शैली दोन्हीकडे असेल, तर साच्यातील व्याख्या वरचढ ठरते. साच्यात असलेली पण दस्तऐवजात नसलेली शैली दस्तऐवजात दाखल होते. केवळ दस्तऐवजातच असलेली शैली तशीच राहते. मजकूर, समास आणि शीर्षपट्टी यांना या पर्यायाने धक्का लागत नाही. त्यामुळे नवा साचा जोडून हा पर्याय निवडणाऱ्यास अर्धाच बदललेला दस्तऐवज मिळतो : मथळे नव्या साच्याचे, कागदाचे समास जुन्या साच्याचे.

कोणताही विशिष्ट साचा न निवडता सुरू केलेला दस्तऐवज ‘नॉर्मल’ नावाच्या सर्वसाधारण साच्याला जोडला जातो. हा साचा प्रत्येक संगणकावर व प्रत्येक वापरणाऱ्यासाठी वेगळा असतो. नाव मात्र एकच. धानोऱ्याच्या कार्यालयात तयार झालेला दस्तऐवज गडचिरोलीस उघडला, तर तो तेथील नॉर्मल साच्याला जोडलेला मानला जातो. अद्ययावत करण्याचा वरील पर्याय अशा दस्तऐवजात चालू राहिला असेल, तर प्रत्येक संगणकावर त्याचे रूप निराळे होते, पानांची संख्या बदलते आणि ‘पृष्ठ ३ वरील तक्ता’ पृष्ठ ४ वर जातो. नॉर्मल साच्याला जोडलेल्या दस्तऐवजात हा पर्याय बंद ठेवणे हेच शहाणपणाचे.

लिब्रेऑफिस (२०१० पासून) व तिच्या पूर्वीची ओपनऑफिस या मुक्त आज्ञावलींत व्यवस्था वेगळी आहे. साच्यातील शैली बदलल्या असल्यास दस्तऐवज उघडताना त्या अद्ययावत कराव्यात की जुन्या ठेवाव्यात, असे वापरणाऱ्यास विचारले जाते. ‘जुन्या ठेवाव्यात’ असे उत्तर दिले की दस्तऐवज व साचा यांचा दुवा तुटतो. दस्तऐवजाच्या गुणधर्मांत साच्याचे नाव तसेच दिसत राहिले, तरी पुन्हा विचारणा होत नाही. एका घाईच्या उत्तराने कायमची फारकत करणारी ही रचना फारशी सोयीची म्हणता येणार नाही.

कार्यालयांत प्रत्यक्षात मात्र साच्याचा उपयोग होतोच असे नाही. पूर्वीचे एखादे पत्र उघडावयाचे, गावाचे नाव व दिनांक बदलावयाचा आणि ते नव्या नावाने साठवावयाचे, ही पद्धत सर्वत्र आढळते. ही नक्कल साच्याची नसून दुसऱ्या दस्तऐवजाची असते. त्या दस्तऐवजातील हाताने केलेली मांडणी, मूळ लेखकाचे नाव, जोडलेल्या साच्याचा पत्ता हे सर्व तिच्याबरोबर येते आणि बदलावयाचे राहून गेलेले शब्दही येतात. साच्यात रिकामी जागा रिकामीच असते, त्यामुळे ती भरावयाची राहिली तर नजरेस येते. जुन्या पत्रात मात्र ती आधीच भरलेली असते, त्यामुळे चूक लपून राहते. गावाचे नाव बदलले पण कक्ष क्रमांक आधीच्या गावाचाच राहिला, ही चूक पत्रात किरकोळ असेल. हक्कपत्रात ती तशी राहत नाही.

वनहक्काचे नमुने : गडचिरोली जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनाखाली आहे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्य करणे) अधिनियम, २००६ याखालील नियम जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यांना दाव्यांचे आणि हक्कपत्रांचे नमुने जोडण्यात आले. वैयक्तिक हक्काच्या दाव्यासाठी नमुना अ आणि सामूहिक हक्कांच्या दाव्यासाठी नमुना ब. वैयक्तिक हक्कपत्रासाठी जोडपत्र दोन आणि सामूहिक हक्कपत्रासाठी जोडपत्र तीन. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडून ग्रामसभेकडे, तेथून उपविभागीय समितीकडे व शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. हक्कपत्रावर शासनाच्या वतीने जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक व आदिवासी विकास विभागाचे जिल्हास्तरीय अधिकारी यांच्या सह्या होतात. एका साच्यावरून किती दस्तऐवज निघू शकतात याची कल्पना यावरून येते की, एकट्या गडचिरोली जिल्ह्यात सामूहिक हक्क मान्य झालेल्या गावांची संख्या हजाराहून अधिक आहे.

साच्यातील एखादा रकाना काय करू शकतो, हे वैयक्तिक हक्कपत्राच्या नमुन्यात चांगले दिसते. दावेदार विवाहित असल्यास हक्क पति-पत्नी दोघांच्या नावे नोंदावा, अशी अधिनियमाची तरतूद आहे आणि जोडपत्र दोनमध्ये धारकाच्या नावाबरोबर त्याच्या किंवा तिच्या जोडीदाराच्या नावासाठीही जागा आहे. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी वेगळा अर्ज व फेरफार करावा लागतो. येथे ते नमुन्यानेच मागून घेतले. हा हक्क वारसाने मिळतो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, हे वाक्यही साच्याच्या छापील मजकुरात असल्याने प्रत्येक हक्कपत्रात तसेच्या तसे उतरते.

सामूहिक हक्कांच्या बाबतीत याच्या उलट घडले. गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क अधिनियमाच्या कलम ३ (१) मध्ये स्पष्टपणे दिलेला आहे. २००८ च्या नमुना ब मध्ये निस्तार, गौण वनोपज, चराई, मासे व जलाशय, आदिम जमातींचे वसतिस्थान, जैवविविधता यांसाठी रकाने होते. या हक्कासाठी मात्र स्वतंत्र रकाना नव्हता. कायद्याने दिलेले साच्यात राहून गेले होते. ज्या गावांनी कायदा वाचला होता, त्यांना हा हक्क इतर पारंपरिक हक्कांच्या किंवा इतर माहितीच्या जागी मांडता येण्यासारखा होता. ज्यांनी केवळ नमुना भरला, त्यांना तो मागावयाचा असतो हे कळण्याचे साधन त्या कागदात नव्हते. शिवाय जोडपत्र तीनमध्ये ‘अटी, असल्यास’ अशी एक ओळ होती. रिकामी ओळ दिसली की ती भरण्याकडे लिहिणाऱ्याचा कल असतो. हा दोष माणसाचा असला तरी त्याला वाट साचा करून देतो.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला आणि त्याच जिल्ह्यातील मर्दा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. असे हक्क मिळालेल्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्यांची गणना होते. मेंढ्याचे वन सुमारे १,८०० हेक्टर आहे. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने या गावात अनेक वर्षे अभ्यासगट चालत आलेले होते व दाव्याची तयारी गावाने स्वतः केली होती. हक्कपत्र हाती आले, तरी कापलेला बांबू गावाबाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागे, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे असे. म्हणजे एक दस्तऐवज गावाच्या हाती होता, पण त्याचा उपयोग होण्यासाठी लागणाऱ्या दुसऱ्या दस्तऐवजाचा साचा गावाच्या हाती नव्हता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. बांबूच्या विक्रीचा निर्णय तेव्हापासून प्रत्यक्षात गावाकडे आला. कोऱ्या नमुन्यांचे पुस्तक ज्याच्या कपाटात असते, सत्ता त्याच्याकडे असते, हे शब्दसंस्करणातही तितकेच खरे आहे : साच्यात बदल करण्याचा अधिकार ज्याला, तोच पुढे निघणाऱ्या सर्व कागदांचा मजकूर ठरवितो.

सप्टेंबर २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासाठी नमुना क आणि त्याच्या हक्कपत्रासाठी जोडपत्र चार असे नवे साचे आले. या हक्कपत्राच्या छापील मजकुरातच संरक्षण व व्यवस्थापनाचा हक्क नमूद असून अधिनियम व नियम यांत असलेल्या अटींखेरीज दुसरी अट घातलेली नाही, असे त्यात म्हटले आहे. अटींसाठी रिकामी ओळ उरली नाही. वाहतूक परवाने ग्रामसभेच्या समितीने किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने द्यावेत, अशीही तरतूद झाली.

साचा सुधारला, परंतु २०१२ पूर्वी जोडपत्र तीनच्या नमुन्यात दिलेली हक्कपत्रे या दुरुस्तीने आपोआप बदलली नाहीत. ती ज्या दिवशी सही झाली त्या दिवसाच्या शब्दांतच राहिली. हक्क अधिनियमातून मिळतो, नमुन्यातून नव्हे, हे तत्त्व खरे असले तरी वनपालाच्या नाक्यावर, बँकेत किंवा ठेकेदाराशी बोलताना दाखविला जातो तो कागद; अधिनियम तेथे कोणी उघडीत नाही. म्हणून जुन्या हक्कपत्रातील उणीव दूर करावयाची, तर त्या विशिष्ट हक्कपत्राचीच दुरुस्ती करून घ्यावी लागते. शब्दसंस्करणातील ‘अद्ययावत करा’ या पर्यायासारखी सोय सहीच्या कागदाला नसते, आणि नसणेच इष्ट होय. तशी सोय असती, तर नव्या साच्यातील वाढीव हक्कांप्रमाणे एखादी वाढीव अटही गावाला न विचारता जुन्या हक्कपत्रांत उतरू शकली असती.

सीमांचे वर्णन हा या कागदांतील आणखी एक नाजूक भाग आहे. हक्कपत्रात रूढ सीमा आणि कक्ष क्रमांक अशा दोहोंना जागा आहे. गावकरी सीमा सांगतात ती नाला, टेकडी, देवस्थान यांच्या गोंडी वा माडिया नावांनी. वनखात्याच्या नकाशावर त्याच जागेला आकडा असतो. साच्याच्या तक्त्यातील रकान्याची रुंदी आकड्यापुरती ठेवली, तर नावे आखडली जातात किंवा गळतात. हा दोष नियमांत नव्हे, तर तक्त्याच्या मांडणीत असतो. साचा तयार करणाऱ्याने ज्या वाक्यांसाठी तो तयार करावयाचा ती वाक्ये आधी ऐकलेली असावीत.

देवनागरी व साचा : मराठी दस्तऐवजांत साच्याचा प्रश्न टंकांमुळे अधिक अवघड होतो. दस्तऐवजात सामान्यतः टंकाचे नाव असते, टंक नसतो. युनिकोडपूर्व काळातील बहुतेक मराठी टंकांत रोमन अक्षरांच्या सांकेतिक स्थानी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. तो टंक ज्या संगणकावर नाही, तेथे सारा मजकूर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे यांच्या स्वरूपात दिसतो. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे सांकेतिक मानक १९९१ मध्ये निश्चित झाले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली; विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड टंक आला आणि कार्यालयांतून युनिकोडचा वापर हळूहळू वाढला.

आता असे समजू की, एखाद्या कार्यालयाने जुन्या टंकातील साचा बाजूस सारून त्याच नावाच्या शैली असलेला युनिकोड साचा तयार केला व जुने दस्तऐवज त्याला जोडून शैली अद्ययावत केल्या. शैलीतील टंकाचे नाव बदलेल. मजकुराचे संकेतांक मात्र तेच राहतील. परिणामी कालपर्यंत वाचता येणारा मराठी मजकूर आज रोमन अक्षरांचा ढिगारा होईल. जुना मजकूर आधी परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा व मगच नवा साचा जोडावा, हा क्रम म्हणून महत्त्वाचा आहे. याच्या उलट प्रकारही संभवतो. वर्डच्या प्रत्येक शैलीत रोमन लिपीसाठी एक व देवनागरीसारख्या संयुक्त लिप्यांसाठी दुसरा, असे दोन टंक व दोन आकार नोंदलेले असतात. साच्यात केवळ पहिला बदलला, तर इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी मजकूर पूर्वीसारखाच राहतो. तेव्हा साचा ‘लागू होत नाही’ अशी तक्रार होते.

दिनांक व मॅक्रो : साच्यात दिनांकासाठी आपोआप भरणारे क्षेत्र ठेवण्याची सोय असते. त्यात ‘आजचा दिनांक’ हे क्षेत्र वापरले, तर दस्तऐवज ज्या दिवशी उघडावा किंवा छापावा त्या दिवसाचा दिनांक त्यावर उमटतो. ग्रामसभेच्या ठरावाची किंवा समितीच्या आदेशाची प्रत तीन वर्षांनी छापली, तर ती त्या दिवशीची वाटेल. मुदत, अपील व अग्रक्रम जेथे दिनांकावर ठरतात, तेथे ही चूक घातक आहे. साच्यात दस्तऐवजाच्या निर्मितीचा दिनांक दाखविणारे क्षेत्र वापरावे. साच्यावरून नवा दस्तऐवज निघताच ते त्या दस्तऐवजाचा दिनांक घेते व पुढे बदलत नाही. दिनांक हाताने टंकणे हा सर्वांत साधा उपाय आहेच.

मॅक्रो साच्यात राहतात, याचा गैरफायदाही घेतला गेला आहे. १९९५ मध्ये पसरलेला ‘कॉन्सेप्ट’ हा विषाणू संगणकाच्या नॉर्मल साच्यात शिरत असे व तेथून पुढे साठविल्या जाणाऱ्या दस्तऐवजांत उतरत असे. १९९९ मधील ‘मेलिसा’ने हीच वाट धरून विद्युत्‌टपालाने जगभर प्रवास केला. २००७ पासूनच्या वर्डमध्ये मॅक्रो असलेले व नसलेले साचे यांचे फाइलप्रकार वेगळे करण्यात आले. पुढे आलेला प्रकार अधिक धूर्त आहे : दस्तऐवजात काहीच वावगे नसते, पण त्याच्या जोडलेल्या साच्याच्या जागी दूरच्या संगणकाचा पत्ता घातलेला असतो आणि दस्तऐवज उघडताच तेथील साचा मॅक्रोसह उतरविला जातो. अनोळखी ठिकाणाहून आलेला दस्तऐवज तपासताना त्याचा मजकूर पाहणे पुरेसे नाही, जोडलेला साचाही पाहावा लागतो.

जतन : साच्याच्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक व दिनांक द्यावा आणि तो तळपट्टीत ठेवावा, म्हणजे नक्कल होताना तो दस्तऐवजातही उतरतो व कोणता कागद कोणत्या आवृत्तीवरून निघाला हे पुढे कळते. वनहक्काच्या नमुन्यांवर नियम व जोडपत्र यांचा उल्लेख छापलेला असतो, त्याचा उपयोगही हाच. अंतिम दस्तऐवज दीर्घकाळ टिकविण्यासाठी पीडीएफ/ए हा प्रकार (आंतरराष्ट्रीय मानक, २००५) वापरतात. त्यात टंक दस्तऐवजातच अंतर्भूत केले जातात, मॅक्रो चालत नाहीत आणि साच्याशी कोणताही दुवा उरत नाही. पान सहीच्या दिवशी होते तसेच दिसते. अशा प्रतीवरून दुरुस्तीचा नवा मसुदा तयार करणे मात्र कष्टाचे असल्याने, मूळ दस्तऐवज आणि ज्या आवृत्तीच्या साच्यावरून तो निघाला ती आवृत्ती, ही दोन्ही नस्तीबरोबर स्वतंत्रपणे ठेवावी लागतात.